व्हर्च्युअल मशीनमध्ये गाणं रेकॉर्ड करायचं असेल तर

घरी बसून गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांची एक नेहमीची पंचाईत असते. संगणकावर एक ऑपरेटिंग सिस्टीम आणि हवं ते सॉफ्टवेअर नेमकं दुसऱ्याच सिस्टीमचं. ‘एफएल स्टुडिओ’ कितीतरी वर्षं फक्त विंडोजसाठी होतं. मॅकवर ते २०१८ मध्ये आलं, लिनक्ससाठी त्याची आवृत्ती नाहीच. ‘लॉजिक’ एकेकाळी विंडोजवरही चालायचं. २००२ मध्ये ॲपलने ते बनवणारी कंपनी विकत घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद झाली. अशा अडचणीत कुणीतरी हमखास सुचवतं, ‘व्हर्च्युअल मशीन टाक, आत विंडोज घाल आणि रेकॉर्ड कर.’

सल्ला अर्धा बरोबर आहे. सॉफ्टवेअर चालतं, खिडकी उघडते, ट्रॅकही दिसतात. पण माइकसमोर बसून गायला सुरुवात केली की हेडफोनमध्ये आपलाच आवाज मागाहून येतो आणि मधूनमधून तडतड ऐकू येते. असं का होतं आणि व्हर्च्युअल मशीनचा संगीतात खरा उपयोग कुठे आहे, हे पाहू.

यजमान आणि पाहुणा

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. त्याला स्वतःचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क, साउंड कार्ड असल्याचा भास करून दिलेला असतो. बाहेरच्या मूळ सिस्टीमला होस्ट आणि आतल्या सिस्टीमला गेस्ट म्हणतात. आपण यजमान आणि पाहुणा म्हणू. घरगुती संगणकासाठी व्हीएमवेअरचं पहिलं उत्पादन १९९९ मध्ये आलं. लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम नावाची सोय २००७ मध्ये दाखल झाली, त्याच वर्षी व्हर्च्युअलबॉक्स आलं. आज ते ओरॅकलकडे आहे आणि फुकट मिळत असल्यामुळे बहुतेकांची सुरुवात त्यानेच होते.

२००५-०६ पासून इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरमध्येच या कामासाठी खास आज्ञा आल्या. त्यामुळे आकडेमोडीच्या बाबतीत पाहुणा यजमानाच्या जवळपास त्याच वेगाने धावतो. इथेच लोकांची गल्लत होते. पाहुण्यात मोठी एक्सेल शीट झरझर उघडते, मग एक तानपुरा आणि एक आवाज रेकॉर्ड करायला काय जड आहे?

जड काहीच नाही. २४ बिट आणि सेकंदाला ४८,००० सॅम्पल या दर्जाचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ-पावणेनऊ एमबी जागा घेतो. असे आठ ट्रॅक एकदम घेतले तरी मिनिटाला सत्तर एमबीच्या आत. कुठलीही साधी हार्ड डिस्क हे सहज लिहून काढते. अडचण माहितीच्या आकाराची नाही, ती वेळेवर पोचण्याची आहे.

मिलिसेकंदांचा हिशेब

आवाज संगणकात एकेक सॅम्पल करून जात नाही. तो छोट्या गठ्ठ्यांनी जातो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात आणि त्याचा आकार ६४, १२८, २५६, ५१२ असा सॅम्पलमध्ये मोजतात. बफर १२८चा आणि दर ४८,००० असेल तर एक गठ्ठा भरायला २.६७ मिलिसेकंद लागतात. आवाज आत येताना एक गठ्ठा, बाहेर हेडफोनकडे जाताना दुसरा, शिवाय माइक संगणकाला जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसमधल्या चिपचा आणि यूएसबीचा थोडा वेळ. चांगल्या ड्रायव्हरवर हा सगळा फेरा साधारण आठ-दहा मिलिसेकंदांत पुरा होतो.

दहा मिलिसेकंद म्हणजे किती? हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंदांत साडेतीन मीटरच्या आत. बैठकीत साथीदार दीड-दोन मीटरवर बसलेला असतो आणि त्याचा आवाज पाच-सहा मिलिसेकंदांनी आला तरी कुणाचं काही अडत नाही. तेव्हा दहापर्यंत बहुतेकांना चालतं. गायकाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून ताबडतोब ऐकू येत असतो. तोच आवाज हेडफोनमधून किंचित उशिरा आला की दोन्ही एकमेकांत मिसळून पोकळ, डब्यात गायल्यासारखे वाटतात. पट्टीच्या गायकांना तर पाच मिलिसेकंदही खटकतात.

आता तबला घ्या. मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत तीनताल चालू असेल तर एक मात्रा ३०० मिलिसेकंदांची. तिच्यात ‘तिरकिट’ बसवलं तर प्रत्येक अक्षराच्या वाट्याला ७५ मिलिसेकंद येतात. हेडफोनमधून उत्तर ७५ मिलिसेकंदांनी आलं तर ‘ट’ वाजवताना वादकाला ‘कि’ ऐकू येईल. अशात कुणी वाजवू शकत नाही. हात आपोआप मंदावतो आणि लय ओढली जाते.

व्हर्च्युअल मशीनमध्ये हा फेरा इतका लांबतो कारण गठ्ठे दोनदा बांधावे लागतात. आवाज आधी यजमानाच्या बफरमध्ये, मग पाहुण्याच्या दिखाऊ साउंड कार्डाच्या बफरमध्ये, मग पाहुण्यातल्या सॉफ्टवेअरच्या बफरमध्ये जातो, आणि परत जाताना हेच उलट. तीस, पन्नास, कधी शंभरच्या घरात मिलिसेकंद जातात. सॉफ्टवेअरच्या खिडकीत मात्र ‘लेटन्सी १० मिलिसेकंद’ असं लिहिलेलं दिसेल. त्यावर विश्वास ठेवू नका. पाहुण्याला फक्त स्वतःचं अंगण माहीत असतं, बाहेरच्या फेऱ्याची त्याला खबर नसते.

तडतड कुठून येते

उशीर एक वेळ सोसता येतो, तडतड सोसता येत नाही. तिचं मूळ समजून घेण्यासारखं आहे.

१२८ सॅम्पलच्या बफरवर संगणकाला सेकंदाला ३७५ वेळा पुढचा गठ्ठा तयार ठेवावा लागतो. पाच मिनिटांच्या गाण्यात १,१२,५०० वेळा. यातले ९९.९९ टक्के गठ्ठे वेळेवर आले तरी अकरा चुकतात, आणि प्रत्येक चुकलेला गठ्ठा म्हणजे एक ‘टक्’. तबलजीचा हात कितीही तयार असो, समेवर आला नाही तर त्या तयारीला कोण विचारतो? प्रोसेसरचंही तसंच आहे. सरासरी वेग कामाचा नाही, प्रत्येक वेळी ठरल्या क्षणी हजर राहणं कामाचं.

पाहुण्याचा प्रोसेसर म्हणजे यजमानाच्या लेखी एक साधा प्रोग्रॅम. ब्राउझर, अपडेट, अँटिव्हायरस यांच्या रांगेत तोही उभा असतो. यजमानाने त्याला चार-पाच मिलिसेकंद बाजूला बसवलं तर पाहुण्याला ते कळतसुद्धा नाही. त्याच्या दृष्टीने मध्ये वेळ गेलेलाच नसतो. पण माइक थांबलेला नसतो. तेवढ्यात दोन गठ्ठे हुकलेले असतात.

दुसरी गोष्ट घड्याळांची. ऑडिओ इंटरफेसमध्ये स्फटिकाचं स्वतःचं घड्याळ असतं आणि सॅम्पलचा दर त्यावर ठरतो. पाहुण्याचं दिखाऊ साउंड कार्ड मात्र यजमानाच्या टायमरवर चालतं. दोन घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखांत पन्नास भागांचा फरक धरला तरी तासाभरात ०.१८ सेकंदाची तफावत पडते. ती भरून काढायला मधलं सॉफ्टवेअर कुठे सॅम्पल गाळतं, कुठे ताणतं. लांब आलाप रेकॉर्ड करताना दर काही मिनिटांनी येणारी बारीक ‘चिक्’ पुष्कळदा यातूनच येते.

दिखाऊ साउंड कार्ड

व्हर्च्युअलबॉक्स पाहुण्याला तीनपैकी एक कार्ड दाखवतं: इंटेलचं एसी९७, इंटेलचं एचडी ऑडिओ किंवा साउंड ब्लास्टर १६. शेवटचं नाव जुन्या वाचकांच्या ओळखीचं असेल. ते कार्ड १९९२चं आहे. म्हणजे तुम्ही पैसे साठवून घेतलेल्या आठ माइकच्या इंटरफेसऐवजी पाहुण्याला एखादं सर्वसाधारण स्टिरिओ कार्ड दिसतं आणि आत यायला दोनच वाटा मिळतात. कंपनीचा असिओ ड्रायव्हर तिथे बसतच नाही, कारण त्याला त्याचं यंत्र सापडत नाही. असिओ ही स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ च्या सुमारास आणलेली पद्धत. विंडोजच्या नेहमीच्या ध्वनिमार्गाला वळसा घालून सॉफ्टवेअरने थेट कार्डाशी बोलावं, हाच तिचा हेतू. व्हर्च्युअल मशीनमध्ये तो वळसा घालून आपण पोचतो ते दुसऱ्या एका सॉफ्टवेअरपाशी. ‘असिओ-फॉर-ऑल’ हा सर्वसाधारण ड्रायव्हर टाकून नाव असिओचं मिळतं, गुण मिळत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, जिच्यापायी लोकांची संध्याकाळ वाया जाते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये आवाज आत घेण्याची सोय मुळात बंद असते. मशीनच्या ऑडिओ सेटिंगमध्ये इनपुटची खूण स्वतः करावी लागते. ती केली नाही तर सगळं ठीक दिसतं आणि ट्रॅकवर नुसती सरळ रेषा उमटते.

इंटरफेस थेट पाहुण्याच्या हाती दिला तर?

यूएसबीचं उपकरण यजमानाकडून काढून पाहुण्याला जोडता येतं. पेनड्राइव्ह आणि प्रिंटरला हे छान जमतं, कारण त्यांना थांबून राहता येतं. एखादं पुडकं हरवलं तर ते पुन्हा मागवतात. ऑडिओची वाहतूक वेगळी आहे. यूएसबी २ मध्ये ती सेकंदाला ८,००० ठरलेल्या खेपांनी होते आणि हरवलेली खेप पुन्हा पाठवायची पद्धतच नाही. मध्ये व्हर्च्युअल मशीनचा दलाल आला की एखादी खेप हुकू शकते. काही इंटरफेस अशा रीतीने निमूट चालतात, काही चालल्यासारखं करतात, काही ओळखलेच जात नाहीत. व्हर्च्युअलबॉक्सच्या ७.० आवृत्तीपासून यूएसबी २ आणि ३ची सोय मूळ पॅकेजमध्येच असते, त्याआधी वेगळं एक्स्टेंशन पॅक टाकावं लागायचं. प्रयोग करायचा तर जुन्या आवृत्तीवर करू नका.

खरा उपाय एक पायरी खाली आहे. उपकरण देण्याऐवजी ते ज्या यूएसबी कंट्रोलरला लावलंय तो अख्खा कंट्रोलरच पाहुण्याच्या स्वाधीन करायचा. त्यासाठी प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोन्हींमध्ये इंटेलची व्हीटी-डी किंवा एएमडीची तशीच सोय हवी, यजमान लिनक्स हवा, आणि २०१२ पासून लिनक्सच्या गाभ्यात असलेली व्हीएफआयओ यंत्रणा वापरावी लागते. डेस्कटॉपमध्ये पीसीआय एक्स्प्रेसचं वेगळं यूएसबी कार्ड बसवून ते पाहुण्याला द्यायचं, प्रोसेसरचे काही कोअर पाहुण्यासाठी राखून ठेवायचे आणि यजमानाने त्यांना हात लावायचा नाही. हे जमलं की कंपनीचा खरा ड्रायव्हर खऱ्या कंट्रोलरशी बोलतो आणि लहान बफरवरही काम होऊ शकतं. लॅपटॉपवर मात्र बऱ्याचदा अडतं. तिथे कंट्रोलर इतर भागांशी असा बांधलेला असतो की एकटा सुटा करता येत नाही.

माझं मत विचाराल तर ही मेहनत छंद म्हणून करावी. गाणं पुरं करायचं असेल तर त्याच डिस्कवर दुसरी सिस्टीम शेजारी टाकून संगणक सुरू करताना निवडणं कितीतरी सोपं. तिथे यजमान-पाहुणा हा प्रकारच उरत नाही.

मॅकवर

ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःच्या चिपचे मॅक आणले, त्यांवर विंडोज थेट चालवू देणारं बूट कॅम्प नाही. पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज चालतं, पण ते एआरएम चिपसाठीचं. नेहमीचे विंडोज प्रोग्रॅम त्यात भाषांतर होऊन चालतात. ड्रायव्हरचं असं भाषांतर होत नाही. इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीने एआरएमसाठी वेगळा ड्रायव्हर काढलेला नसेल तर कंपनीच्या ड्रायव्हरची वाट तिथेच बंद. उलट बाजूने, ‘लॉजिक’ वापरता यावं म्हणून साध्या पीसीवर व्हर्च्युअल मशीनमध्ये मॅकओएस घालणं ॲपलच्या परवान्यात बसत नाही. ते फक्त ॲपलच्या संगणकावर करायची मुभा आहे.

पाहुण्याला कोणतं काम द्यावं

जिथे घड्याळ मागे लागलेलं नाही, अशी सगळी कामं.

पहिलं म्हणजे जुने प्रोजेक्ट उघडणं. वीस वर्षांपूर्वी केलेल्या अल्बमच्या वेव्ह फाइल कुठेही वाजतात, पण प्रोजेक्टची फाइल उघडायला तेच सॉफ्टवेअर आणि तेच ३२ बिट प्लगइन लागतात. ॲपलने २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनामध्ये ३२ बिट प्रोग्रॅम पूर्ण बंद केले. विंडोज एक्सपीचा आधार २०१४ मध्ये संपला, विंडोज १०चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. अशी जुनी सिस्टीम व्हर्च्युअल मशीनमध्ये, नेटवर्क तोडून, वर्षानुवर्षं जिवंत ठेवता येते. तिथे प्रोजेक्ट उघडायचा, प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत वेगळी वेव्ह फाइल म्हणून काढायचा आणि त्या फाइली नव्या सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक ठेवायच्या. सगळ्या एकाच क्षणापासून सुरू होत असल्याने आपोआप जुळतात. छोट्या स्टुडिओंनी आणि जुन्या मैफलींची रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्यांनी हे काम मूळ संगणक बंद पडण्याआधी करून घ्यावं.

फाइल अशी काढताना तडतडीची भीती नसते. सॉफ्टवेअर त्या वेळी कुणाला ऐकवत नसतं. पाच मिनिटांच्या गाण्याला दोन मिनिटं लागोत की वीस, निकाल तोच येतो. म्हणूनच फक्त विंडोजवर चालणारा एखादा रिव्हर्ब किंवा आवाज साफ करणारा प्लगइन पाहुण्यात बिनधास्त वापरावा. सामाईक फोल्डरमधून ट्रॅक आत घ्या, प्रक्रिया करा, परत बाहेर टाका. माउसने सूर टिपून वाद्यवृंद बसवायचा असेल तर तेही जमतं. तीच वाद्यं कीबोर्डवर प्रत्यक्ष वाजवायला गेलात की उशीर पुन्हा आडवा येतो. मिडीचा संदेश छोटासा, तारेतून जायला एक मिलिसेकंदही लागत नाही, पण त्याला उत्तर म्हणून निघणारा ध्वनी त्याच लांबच्या फेऱ्याने येतो.

नवं सॉफ्टवेअर चाखून पाहायलाही पाहुणा बरा. आधी स्नॅपशॉट घ्या, काही बिघडलं तर मागे जा. विंडोज सोडून लिनक्सकडे वळू पाहणाऱ्याने उबुंटू स्टुडिओ आधी असंच टाकून बघावं. फक्त तिथल्या तडतडीवरून लिनक्सला नावं ठेवू नयेत. आणि परवान्यांकडे लक्ष असू द्या. बरेच प्लगइन यंत्राची ओळख पाहून सक्रिय होतात. मशीनची प्रत काढली की ओळख बदलू शकते आणि एक परवाना हकनाक खर्ची पडतो.

तरीही आतच रेकॉर्ड करायचं असेल तर

मग उशिराशी भांडू नका, त्याला बगल द्या. बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण किंवा फिरकी असते. ती चालू केली की माइकचा आवाज संगणकाच्या फेऱ्याची वाट न पाहता सरळ हेडफोनमध्ये येतो आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद ठेवता येतं. आता बफर खुशाल १०२४ ठेवा. यजमान आणि पाहुणा दोन्हीकडे सॅम्पलचा दर एकच ठेवा, यजमानाचे निम्मे कोअर मोकळे सोडा, वायफाय आणि ब्राउझर बंद करा.

रेकॉर्ड झालेला ट्रॅक तरीही मागे सरकलेला असेल. तो किती सरकला हे मोजायला इंटरफेसच्या आउटपुटमधून केबल काढून इनपुटला लावा, मेट्रोनोमचा एक ठोका वाजवून तोच रेकॉर्ड करा आणि मूळ ठोका व आलेला ठोका यांच्यातलं अंतर सॅम्पलमध्ये बघा. तेवढा ट्रॅक पुढे ओढला की झालं. व्हर्च्युअल मशीनमध्ये हे अंतर दर वेळी सारखं राहत नाही, म्हणून प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला मोजायचं.

मग रेकॉर्डिंग कशावर?

यजमानावर. लिनक्स असेल तर आज वाट पूर्वीइतकी खडतर नाही. कमी विलंबाची ‘जॅक’ ध्वनियंत्रणा आणि ‘आर्डर’ हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर पॉल डेव्हिस यांनी उभं केलं. अलीकडे पुष्कळ लिनक्समध्ये पाइपवायर सुरुवातीपासूनच असतं आणि ते जॅकचंही काम करतं. ठरल्या क्षणी हजर राहण्याची हमी देणारा रिअल-टाइम भाग अनेक वर्षं वेगळा जोडावा लागायचा. तो २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीबरोबर लिनक्सच्या मुख्य गाभ्यात आला. ‘रीपर’ या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचीही लिनक्ससाठी आवृत्ती आहे.

एखादा विंडोज प्लगइन सुटतच नसेल तर त्यासाठी अख्खं विंडोज आत घालायची गरज नाही. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन आणि त्यावर चालणारा याब्रिज वापरून तो प्लगइन सरळ लिनक्सवरच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येतो. वाइन हे व्हर्च्युअल मशीन नव्हे. त्यात दिखाऊ साउंड कार्ड नसतं, त्यामुळे आवाजाचा मार्ग यजमानाचाच राहतो. सगळे प्लगइन चालत नाहीत, विशेषतः कडक परवान्याचे.

इंटरफेस अजून घ्यायचा असेल तर ‘क्लास कंप्लायंट’ आहे का, हे दुकानदाराला आधी विचारा. असा इंटरफेस लिनक्स, मॅक आणि आयपॅडवर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो. आणि व्हर्च्युअल मशीन तयार करून ठेवलंच असेल तर पूर्ण मैफल रेकॉर्ड करायच्या आधी पाच मिनिटांचा तानपुरा त्यात घेऊन कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर शांतपणे ऐका. एक जरी ‘टक्’ ऐकू आली, तर सेटिंग चाळत बसू नका. ते मशीन मिक्सिंगला ठेवा आणि माइक यजमानाला लावा.